थर मात्र खरे

१

अठरा पिशव्या जागच्या जागी होत्या. गिरमिट तेवढा नव्हता.

वन संशोधन केंद्राची जीप सोमवारी संध्याकाळी उत्तर फाटकाजवळ, बाराव्या चौकोनाच्या कडेला उभी सापडली. मागच्या सीटवर ओल्या मातीच्या अठरा पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीला तारेने चिठ्ठी बांधली होती: ‘चौकोन १२, पाइन’. ती माती काढणारा तंत्रज्ञ मात्र त्यानंतर कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता. आता बुधवारची दुपार झाली होती.

जमिनीत गिरमिट फिरवून मातीचे नमुने काढणे हे त्याचे काम आणि भेटेल त्याच्या डोक्याला प्रश्नांचे गिरमिट लावणे हा त्याचा स्वभाव. त्यामुळे हे टोपणनाव त्याला दोन्ही बाजूंनी चपखल बसले होते. त्याची थोरली बहीण केंद्राची प्रयोगशाळा सांभाळत असे. तो तिला ताई म्हणे, म्हणून सगळे केंद्रच तिला ताई म्हणे, तिच्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले संचालकसुद्धा.

“साडेपाचला अंधार पडतो,” शोधपथकाचा प्रमुख म्हणाला. “आज पारा शून्याखाली उतरणार आहे. दोन रात्री पावसात काढलेला माणूस तिसरी काढत नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही, ताई. साडेपाचला माणसं मागे घेतो.”

“खोटी मी मागतही नाही. शोधलंत कुठे ते सांगा.”

प्रमुखाने टेबलाकडे बोट दाखवले. तिथे नकाशावर वाकून मास्तर शोधून झालेले भाग पेन्सिलीने रेखून काढत होते. तीस वर्षे याच जंगलातली माती काढून गुडघे कामातून गेल्यावर त्यांनी यंदा निवृत्ती घेतली होती आणि गिरमिट आपल्या हाताने शिष्याच्या हाती दिले होते. बापामागे वाढलेल्या या भावंडांना माती चिमटीत कशी धरावी हे त्यांनीच शिकवले होते. दोन दिवस ते घरी गेले नव्हते.

“बारावा चौकोन आणि भोवतालचे दोन किलोमीटर,” मास्तर नकाशावरून नजर न उचलता म्हणाले. कोणीतरी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. “साखर नाही ना घातलीस?” त्यांनी सवयीने विचारले आणि कप न उचलता पुन्हा रेघा मारू लागले.

“पण बाराव्याच्याच भोवती का?” ताईने विचारले.

“जीप तिथे आहे, चिठ्ठ्यांवर बारा आहे,” प्रमुख म्हणाला. “आणखी काय हवं?”

ताई पिशव्यांकडे पाहत राहिली. चिठ्ठी म्हणजे कोणीतरी केलेले विधान होते. पुरावा पिशवीत होता, आणि तो अजून कोणी उघडलाही नव्हता.

२

नियम असा होता की माती आठवडाभर सावलीत वाळवायची, चाळायची आणि मगच तिचा सामू, म्हणजे पीएच, मोजायचा. हा नियम ताईनेच भिंतीवर लावला होता आणि ओली माती यंत्राखाली धरणाऱ्या एका उमेदवाराला तिने त्याच भिंतीसमोर उभे करून रडवले होते. आज तिने अठरा पेले मांडले आणि ओलीच माती पाण्यात ढवळली. ढवळल्यावर अर्धा तास थांबावे लागते. तेवढा नियम मात्र मोडता येण्यासारखा नव्हता.

बाहेर बाकावर गिरमिटची बायको बसली होती. ताई तिच्याशेजारी जाऊन टेकली.

“वहिनी, सोमवारी सकाळी काय काय नेलं त्याने?”

“नेहमीचंच. सॅक, गिरमिट, डबा.” तिचा आवाज बसला होता. “चहाचे दोन थर्मास. एक त्यांचा, एक बिनसाखरेचा. मला वाटलं तुम्ही बरोबर जाताय.”

“मी दोन चमचे घेते.”

“हो, पण आजकाल सगळेच सोडतात ना, म्हणून विचारलं नाही मी.” ती एकदम ताईच्या हाताला धरून म्हणाली, “मी विचारायला हवं होतं का, ताई?”

जीपमधल्या वस्तूंची यादी ताईला पाठ होती आणि त्या यादीत एकही थर्मास नव्हता.

अर्धा तास झाला. या जंगलाचा हिशेब साधा होता. पस्तीस वर्षांपूर्वी एकसारखी पडीक जमीन चोवीस चौकोनांत आखून बारांत पाइन आणि बारांत मॅपल लावले होते. झाडे मातीचा आंबटपणा किती बदलतात, एवढाच प्रश्न. सामूचा आकडा जितका लहान तितकी माती आंबट, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. पाइनच्या सुया रेंगाळत कुजतात आणि मातीला आम्ल देत राहतात. त्यामुळे पाइनखाली सगळ्यांत आंबट थर वरचाच, आणि खाली जावे तसा आकडा वाढत जातो: तीन पूर्णांक नऊ, मग चार-दोन, मग साडेचार. मॅपल जमिनीच्या पोटातला चुना मुळांनी ओढतो आणि पानांवाटे वर आणून टाकतो. त्याच्याखाली तिन्ही थर पाचाच्या वरच.

गिरमिटने सहा ठिकाणची माती काढली होती, प्रत्येक ठिकाणचे तीन थर: वरचा, मधला, खालचा. ताईने पहिला पेला यंत्राखाली धरला.

वरचा, चार पूर्णांक नऊ. मधला, चार-दोन. खालचा, साडेचार.

तिने यंत्र प्रमाणित द्रावणात तपासले. यंत्र ठीक होते. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी तेच. सहापैकी सहा ठिकाणी वरचा थर मधल्यापेक्षा सौम्य होता.

बाराव्या चौकोनात अशी माती असणे शक्य नव्हते. नोंदींप्रमाणे पाहिले तर अशी माती जंगलात कुठेच नव्हती.

३

“सरमिसळ झाली असेल,” संचालक म्हणाले. “पाइन आणि मॅपलच्या पिशव्या मिसळल्या, झालं.”

“मिसळल्या असत्या तर काही पूर्ण पाइन निघाल्या असत्या, काही पूर्ण मॅपल. इथे सहाही जागा एकच गोष्ट सांगताहेत.”

“मग दोन चौकोनांच्या सीमेवरची माती असेल. निम्मी इकडची, निम्मी तिकडची.”

“सीमेवर दोन्ही झाडं पस्तीस वर्षं शेजारी उभी आहेत. तिथे तिन्ही थर मध्यम निघतात. इथे मधला थर अस्सल पाइनचा आहे, फक्त वरचा पाच सेंटिमीटरचा नाही.” तिला घड्याळाकडे पाहायचे नव्हते, तरी पाहिले. अडीच. “ही दोन झाडं शेजारी शेजारी नव्हती, सर. एकामागून एक होती. आधी पाइन, बरीच वर्षं. मग पाइन गेला आणि मॅपल आला. सुया पडायच्या थांबल्या, पानं पडायला लागली, तेवढा वरचा थर पालटला.”

“एकाही चौकोनात झाड बदललेलं नाही. रजिस्टर बघा.”

“बघणारच होते. ते कपाटात नाही.”

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग खालचा ड्रॉवर उघडून रजिस्टर टेबलावर ठेवले.

“चौकशीवाले घेऊन गेले असते. पुढच्या महिन्यात शोधनिबंध छापायला जायचाय. पस्तीस वर्षांचं काम आहे, ताई.”

“आणि माझा भाऊ तीस वर्षांचा आहे. शुक्रवारी तुमचं आणि त्याचं कशावरून वाजलं?”

“चोविसाव्या चौकोनावरून.” ते आता तिच्याकडे पाहत नव्हते. “ओढ्यापलीकडचा. पूल वाहून गेल्यापासून तिथे जायला अर्धा दिवस मोडतो. मी म्हटलं, मास्तरांचे जुने आकडे आहेत, यंदा त्यांवर भागव. तो ऐकेना. स्वतः माती काढल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला.”

“म्हणजे तो चोविसाव्यात जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही दोन दिवस गप्प बसलात?”

“गप्प कसला! मी मास्तरांना लगेच विचारलं. ते म्हणाले, त्याने तो नाद सोडला होता.”

ताईने रजिस्टर उघडले. तेविसावा आणि चोविसावा, दोन्ही पाइनचे, शेजारच्या रकान्यांत होते. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचे सरासरी आकडे वाटेल तसे वागत. कधी हा वर, कधी तो. त्या वर्षीच्या समासात मास्तरांच्या नेटक्या अक्षरात नोंद होती: ‘वादळ. पूल वाहून गेला.’ त्यापुढे तेविसावा चार पूर्णांक बारा, तर चोविसावा चार-बावीस. चार-शून्य सात, चार-सतरा. चार-पंधरा, चार-पंचवीस. सलग नऊ वर्षे फरक एक दशांशाचा, कमी नाही की जास्त नाही.

खरी माती अशी शेजारणीच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाही. हे आकडे मातीतून आलेच नव्हते. ते घरी बसून लिहिले होते. नऊ वर्षांत चोविसाव्या चौकोनात कोणी पाऊल ठेवले नव्हते. वादळाने तिथले पाइन आडवे केले असतील, उजेड पडला असेल, दुसऱ्या बाजूच्या चौकोनातले बी वाऱ्याने येऊन मॅपल उगवले असतील, आणि रजिस्टरात मात्र पाइन ताठ उभे राहिले असतील.

समासातले ते अक्षर ताईला वयाच्या सोळाव्या वर्षापासून ओळखीचे होते.

४

तरीही अक्षर म्हणजे माणूस चोविसाव्यात होता याचा पुरावा नव्हे. ताईने उत्तर फाटकावर फोन लावला.

“जीप चारच्या सुमाराला इथून बाराव्याकडे गेली,” फाटकवाला म्हणाला. “मी पोलिसांना सांगितलंय सगळं. काचांवर वाफ धरली होती, आतून नुसता हात हलवला. मला तेव्हाच खटकलं.”

“काय खटकलं?”

“गिरमिट न थांबता जाईल? अहो, मागच्या आठवड्यात माझा अर्धा तास खाल्लान्, फाटकाच्या खांबाखाली गवत का उगवत नाही म्हणून! मी म्हटलं, बाबा, खांबाला विचार.” तो हसता हसता थांबला. “सोमवारी म्हटलं, पाऊस आहे, घाईत असेल.”

“त्यानंतर कोणी पायी बाहेर गेलं?”

“तेही विचारलं पोलिसांनी. अनोळखी माणूस दिसला का म्हणून. नाही दिसला.”

“मी अनोळखी नाही विचारत. कोणीही.”

“कोणीही म्हणजे, पाचच्या बसला मास्तर होते, बाकी कोणी नाही. भिजले होते बिचारे. गुडघे धरून उभे होते, मीच त्यांना आत बाकावर बसवलं. मास्तर काय परके आहेत का, ताई?”

ताईने फोन ठेवला. पाइनचे बारा चौकोन होते. त्यांपैकी बसथांब्याला सर्वांत जवळचा, गुडघे गेलेल्या माणसाला जीप सोडून चालत जाता येईल असा, एकच होता: बारावा.

तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

५

मास्तर अजून नकाशावर रेघा मारत होते. बाराव्याभोवतीचा कागद पेन्सिलीने काळा झाला होता आणि चोविसावा पांढराशुभ्र होता. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. शोधपथकाचा प्रमुख तिच्यामागे होता.

“सोमवारी तुम्ही कुठे होतात, मास्तर?”

“घरीच. गुडघे शेकत.”

“वहिनीने दोन थर्मास भरून दिले होते. एक बिनसाखरेचा.”

पेन्सिल थांबली.

“फाटकवाल्याने तुम्हाला बसमध्ये चढताना पाहिलंय. आणि मी माती मोजली आहे.”

“माती?” मास्तरांनी प्रथमच वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा गोंधळ जास्त होता. “ती अजून ओली आहे, पोरी.”

“ओलीच मोजली.”

“मोजलीस तरी ती पाइनचीच निघणार. नऊ वर्षांत काय होतंय? माती सावकाश असते. एक पिढी उलटल्याशिवाय ती मत बदलत नाही.”

हे वाक्य त्यांनी तिला शंभरदा शिकवले होते आणि तिने उमेदवारांना शंभरदा ऐकवले होते.

“वरचा पाच सेंटिमीटरचा थर बदलतो, मास्तर. चार पूर्णांक नऊ आहे तो. तुम्ही तिथे जाऊन मोजलं असतंत तर तुम्हालाच पहिल्यांदा कळलं असतं.” ती नकाशावर वाकली. “चिठ्ठ्या बदलल्यात. पण वरचा, मधला, खालचा ही खूण बदलली नाहीत. पिशव्या नुसत्या उलटसुलट केल्या असत्यात तर मला काहीही कळलं नसतं. का नाही केल्यात?”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

“थर कसे बदलणार?” ते म्हणाले. “थर कोणी बदलतं का?”

मग त्यांनी सांगितले. पूल गेल्यावर पहिल्या वर्षी गुडघे सुजले होते म्हणून एकदाच आकडा अंदाजाने लिहिला. दुसऱ्या वर्षी खरा लिहिला असता तर पहिला उघडा पडला असता. गिरमिटने वाट दाखवायला चला म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याला तिथेच एकांतात गाठून विनवू म्हणून ते गेले. पाहतात तर पाइन कुजून गेलेले आणि डोक्याच्या वर मॅपल. गिरमिट एक अक्षर वाईट बोलला नाही. त्याने नेहमीसारखी माती काढली, पिशव्या जीपमध्ये नेऊन ठेवून तो परत आला, आणि मग मातीचे थर डोळ्यांनी पाहावेत म्हणून ते दोघे पूर्वी खणलेला जुना खड्डा शोधू लागले. खड्ड्यावर फळ्या होत्या. त्या कुजल्या होत्या.

“मी हाक मारली. तीनदा मारली. उत्तर आलं नाही. वाटलं, संपलं सगळं. आता सांगून तो परत येणार नाही आणि तीस वर्षांचं नाव मात्र...”

“खाली उतरून पाहिलंत?”

“माझे गुडघे, पोरी...”

“दोर टाकलात? दिवा धरलात?” ताईने टेबलाची कड घट्ट धरली होती. “की तो गेला हेही तुम्ही अंदाजानेच लिहून टाकलंत?”

शोधपथकाचा प्रमुख एव्हाना दारात पोचून माणसांना हाका मारत होता.

६

पुलाशिवायची वाट फक्त मास्तरांना माहीत होती आणि सोमवारच्या चालण्याने गुडघे सुजल्यामुळे चढ त्यांना चढवत नव्हता. शेवटी गिरमिटसाठी घेतलेल्या स्ट्रेचरवर मास्तरांनाच बसवून चौघांनी वर नेले. मास्तर फांदी दिसली की “डावीकडे” म्हणत, खडक दिसला की “आता खाली” म्हणत, आणि बाकीचा वेळ डोळे मिटून घेत. ताई पुढे धावत होती, अडखळत होती, पुन्हा धावत होती. मनात ती हिशेब मांडत होती: पन्नासहून अधिक तास, पावसात भिजलेले कपडे, रात्रीचे तापमान तीन अंश. प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होते आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा पहिल्यापासून मांडत होती. आयुष्यात प्रथमच आपला हिशेब चुकावा असे तिला वाटत होते.

पाच वाजून वीस मिनिटांनी ते चोविसाव्यात पोचले. कुजलेल्या पाइनच्या बुंध्यांमधून अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढ्या खोडांचे मॅपल दाटीने उभे होते आणि त्यांची पिवळी पाने जमिनीवर थरावर थर साचली होती. एका जागी फळ्यांची टोके आत कलली होती.

“गिरमिट!” ताई ओरडली.

काही नाही. ती पालथी पडली, दिवा आत धरला. दोन माणसे खोल खड्डा, तळाशी गुडघाभर पानांचा ढीग. त्याने ओढता येतील तेवढी पाने अंगावर ओढून घेतली होती. चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. एक पाय, ज्या दिशेला पाय वळत नाही त्या दिशेला वळला होता.

“गिरमिट, अरे मी ताई!”

पानांत काहीतरी हलले. डोळे उघडले, दिव्याने पुन्हा मिटले.

“ताई,” तो म्हणाला. आवाज सुक्या पानासारखा होता. “ओली मोजलीस की काय?”

“ओलीच.”

“भिंतीवर काय लिहिलंयस...”

प्रमुख दोराने खाली उतरला होता. त्याने नाडी पाहिली, पायाकडे पाहिले आणि वर ताईकडे पाहून काहीच खूण केली नाही. त्याला खोटी आशा दाखवायची सवय नव्हती. शेजारी दोन रिकामे थर्मास पडले होते.

“दुसरा बिनसाखरेचा होता,” गिरमिट पुटपुटला. “मेला कडू. पण त्यानेच तारलं.” मग एकदम त्याने प्रमुखाची बाही धरली. एवढी ताकद त्याच्यात कुठून आली कोणास ठाऊक. “मास्तर सापडले का?”

वर कोणी हलले नाही.

“मी शुद्धीवर आलो तेव्हा ते नव्हते. मदत आणायला गेले असणार. पण मदत आलीच नाही, म्हणजे ते वाटेत कुठेतरी पडले. ताई, त्यांच्या गुडघ्यांना उतार सोसत नाही. आधी त्यांना शोधा. मी दोन दिवस हाका मारतोय त्यांना, ओढ्याच्या बाजूने बघा, तिथे निसरडं आहे...”

त्याचा आवाज तुटला, पण ओठ हलतच राहिले. ताईने मान वळवली. दहा पावलांवर स्ट्रेचर जमिनीवर टेकवलेले होते आणि त्यावर मास्तर बसले होते. खड्ड्यातला प्रत्येक शब्द तिथपर्यंत पोचत होता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते उठण्याचा प्रयत्न करत होते. उठता येत नव्हते.

“स्ट्रेचर लागेल,” खालून प्रमुख ओरडला. “लवकर, रिकामं करा ते!”

“ताई,” गिरमिट म्हणाला, “सापडले का गं?”

मोजलेल्या गोष्टीखेरीज कशालाही ताईने आजवर हो म्हटले नव्हते.

“हो,” ती म्हणाली. “सापडले.”